मास्तरकीचं टपाल: पदवी नाही, पण परदेशात इंग्रजी शिकवायचंय

दोन अंकांपूर्वी एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की मी बारावीच्या गुणपत्रिकेवर कंबोडियात गेले आणि नोम पेन्हमध्ये नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या एका ओळीवर आलेली पत्रं अजून थांबत नाहीत. व्याकरणाच्या शंका विचारणाऱ्या नेहमीच्या वाचकांनी या वेळी जरा दम धरावा. 'सिन्स' आणि 'फॉर' यांचा घोळ पुढच्या खेपेला सोडवू. आजचं टपाल पदवी नसलेल्यांचं: आधी पत्र, खाली माझं उत्तर.

बारावीनंतर आठ वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलं. इंग्रजी रोज बोलते, वेळ आली तर परदेशी पाहुण्यांशी भांडतेही. वय २७. पदवीशिवाय कोणत्या देशात शिकवता येईल?

भांडणाचं तुम्ही गमतीने लिहिलंय, पण मी ते पात्रतेत धरते. भांडताना क्रियापदाचा काळ शोधत बसायला सवड नसते.

बंद दारं आधी सांगते, म्हणजे ती ठोठावण्यात वर्ष जायला नको. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकांना ई-२ व्हिसा लागतो. त्याला पदवी हवी, आणि सर्वसाधारण नियमाने पासपोर्टही अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेचा हवा. चीनचा हिशेबही तसाच आहे: पदवी, शिवाय दोन वर्षांचा अनुभव किंवा इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं प्रमाणपत्र, आणि पासपोर्ट कुठला हा प्रश्न तिथेही सुटत नाही. व्हिएतनामच्या वर्क परमिटला पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं. थायलंडच्या शाळेत उभं राहायचं तर पदवी लागते आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना, नाहीतर त्यातून तात्पुरती सूट.

जपानचं दार मात्र पूर्ण बंद नाही. परदेशी तरुणांना तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवायला नेणाऱ्या, १९८७ पासून चालू असलेल्या सरकारी जेट योजनेला पदवी लागतेच, विषय कुठलाही चालतो. पण खासगी संस्थांत शिकवणाऱ्यांना जो व्हिसा मिळतो, त्याच्या नियमांत पदवीऐवजी त्याच कामाचा तीन वर्षांचा अनुभव धरण्याची सोय आहे. आज तुम्हाला तिचा उपयोग नाही, तीन-चार वर्षांनी होऊ शकतो. म्हणून पहिल्या नोकरीपासून प्रत्येक ठिकाणचं अनुभवपत्र घ्या. त्यावर रुजू झाल्याची नि सोडल्याची तारीख आणि आठवड्याचे तास हवेत. 'शी इज अ हार्डवर्किंग टीचर' या ओळीला कचेरीत कोणी विचारत नाही.

लॅटिन अमेरिकेत, उदाहरणार्थ मेक्सिकोत, बऱ्याच संस्था पदवीपेक्षा प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष शिकवणं बघतात. पण स्पॅनिश आलं नाही तर घरमालकाशीसुद्धा बोलता येत नाही, आणि तासावर बोलावणाऱ्या संस्था कागदपत्रांची जबाबदारी सहसा घेत नाहीत.

आता कंबोडिया, कारण तो मी स्वतः पाहिलाय. मी होते तोवर तिथे व्हिसासाठी कोणी पदवी मागितली नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळा मागायच्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण तिथल्या सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. मुलांचा अर्धा दिवस मोकळा असतो, आणि संध्याकाळी पाच ते आठ इंग्रजीचे क्लास तुडुंब भरतात. आपल्यासारख्यांची जागा तिथे.

उतरल्यावर पर्यटकांचा टी व्हिसा घेऊ नका, तो जेमतेम एकदा महिनाभर वाढतो. ई वर्गाचा घ्या. तो पुढे ईबी, म्हणजे नोकरी-धंद्याचा, म्हणून एक, तीन, सहा किंवा बारा महिने वाढवता येतो, त्यासाठी नोकरीचं पत्र लागतं. बारीक अक्षरातली गोष्ट अशी की सहा आणि बारा महिन्यांच्या मुदतवाढीवर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, एक आणि तीन महिन्यांच्या वाढीवर येत नाही. मी पैसे वाचवायला तीन महिन्यांची वाढ घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात मैत्रिणीबरोबर दोन दिवस सीमेपलीकडे फिरायला गेले. परतताना सीमेवरच्या अधिकाऱ्याने माझ्याकडे ज्या कणवेने पाहिलं ते आजही आठवतं. पुन्हा पहिल्यापासून व्हिसा काढावा लागला.

आणि व्हिसा म्हणजे वर्क परमिट नव्हे. ते कामगार मंत्रालयाचं वेगळं कार्ड असतं आणि दर वर्षी नवं करावं लागतं. मुलाखतीतच विचारा, 'माझं वर्क परमिट कोण काढणार आणि त्याचे पैसे कोण भरणार?' समोरचा हसून विषय बदलू लागला तर तुम्ही बदलू देऊ नका.

पैशाचं स्पष्टच लिहिते. २००९ मध्ये मला तासाला ६ डॉलर मिळायचे आणि सुरुवातीला आठवड्याला बाराच तास होते. महिन्याचे तीनशे डॉलरही होत नव्हते, त्यातले १२० खोलीला जायचे. तिथे पगार डॉलरमध्ये आणि सुटे रिएलमध्ये, एका डॉलरला साधारण ४ हजार रिएल. सगळ्यात महागात पडल्या त्या सुट्ट्या. एप्रिलच्या मध्यावर ख्मेर नववर्ष, पावसाळ्याच्या शेवटी पितरांचा प्चुम बेन. क्लास बंद की तासाचे पैसे बंद. चार महिने एक पैसा मिळाला नाही तरी राहता येईल इतकी शिल्लक आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे, एवढं हातात असल्याशिवाय निघू नका.

ऑनलाइन १२० तासांचा टेफल कोर्स ८० टक्के सवलतीत मिळतोय, सवलत आज रात्री संपते. घेऊ का? की महागडा सेल्टाच करावा लागेल?

ती सवलत उद्या रात्रीही संपणार आहे, आणि परवाही. निवांत झोपा.

टेफल हे एका ठरावीक परीक्षेचं नाव नाही. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर लक्ष ठेवणारी जगात कोणतीही एक अधिकृत संस्था नाही. संगणक असलेला कुणीही असा कोर्स काढू शकतो आणि स्वतःच दुसरी संस्था काढून त्याला मान्यताही देऊ शकतो. 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' असं दिसलं की मान्यता नेमकी कोणाची, ते विचारा. स्वस्त कोर्स वाईटच असतात असं नाही. व्याकरणाची उजळणी होते, व्हिसाच्या अर्जाला जोडायला कागद मिळतो. पण समोर माणसं नसताना शिकवायला शिकणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं.

सेल्टा केंब्रिजचा, सर्टटेसॉल लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसलेला प्रशिक्षक सगळं टिपून घेतो. तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की सेल्टाला पदवीची सक्ती नाही. वय १८ पूर्ण, उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल एवढं शालेय शिक्षण आणि पक्कं इंग्रजी लागतं. पक्कं आहे का ते अर्जासोबतच्या लेखी कामात आणि मुलाखतीत कळतं. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो. त्या आठवड्यांत दुसरं काही करता येईल असं समजू नका. मी तेव्हा कपडेही धुतले नव्हते.

मी तो २०१२ मध्ये केला, तीन वर्षं शिकवून झाल्यावर, थोड्या घमेंडीतच. चौथ्या पाठानंतर प्रशिक्षकाने एक आकडा लिहून कागद माझ्याकडे सरकवला: ३१. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात मी एकतीस मिनिटं स्वतःच बोलले होते! वर अकरा वेळा विचारलं होतं, 'डू यू अंडरस्टँड?' सगळे 'येस' म्हणाले होते. वर्गातला 'येस' म्हणजे 'बाई, पुढे चला', हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

त्याऐवजी काय विचारायचं, ते तिथे शिकले. समजा 'ही यूज्ड टु स्मोक' शिकवताय. मग तीन छोटे प्रश्न: पूर्वी ओढायचा का? एकदाच की नेहमी? आता ओढतो का? तिसऱ्याला अर्धा वर्ग 'येस' म्हणाला की कळतं, गाडी कुठे अडली. कोर्सचे सगळे पैसे या एका गोष्टीत वसूल झाले.

तुमच्याकडे आत्ता पैसे नसतील तर आधी कुठेही, फुकटसुद्धा, सहा महिने कुणाला तरी शिकवा. मग ठरवा. मला दोन माणसं माहीत आहेत जी सेल्टाच्या दुसऱ्या आठवड्यात उठून गेली, कारण आपल्याला शिकवणं आवडतच नाही हे त्यांना तिथे कळलं.

एजंट म्हणतो, पदवीचा कागद तो करून देईल, पर्यटक व्हिसावर जायचं, शाळा कोणती ते तिकडे गेल्यावर सांगेल. पगार महिना २ हजार डॉलर, राहणं-जेवण फुकट. बरोबरचे दोघे तयार आहेत.

जाऊ नका. त्या दोघांनाही हे पान दाखवा.

खोटी पदवी पकडली जाते. अनेक देश पदवी विद्यापीठाकडून पडताळून, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं ते प्रमाणन) किंवा दूतावासाचा शिक्का मारून मागतात. पकडले गेलात की एजंटचा फोन बंद आणि अर्जावरची सही तुमची. तेवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं, कारण मला त्याहून मोठी भीती वाटते. गेल्या काही वर्षांत म्यानमारच्या सीमेवर म्यावडीच्या आसपास आणि कंबोडियात सिहानुकविलसारख्या ठिकाणी कुंपण घातलेल्या आवारांत परदेशी तरुणांना कोंडून, पासपोर्ट काढून घेऊन, त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जातात. ती मुलं तिथे जातात ती अशाच जाहिरातींवर: भरघोस पगार, राहणं फुकट, अनुभव नको, कागदपत्रांचं आम्ही बघतो. नव्या, बिनपदवीच्या, बिनअनुभवाच्या शिक्षकाला महिना २ हजार डॉलर देणारी शाळा मी नऊ वर्षांत पाहिली नाही.

खऱ्या शाळेला नाव असतं, पत्ता असतो, आणि तिथे आत्ता शिकवणाऱ्या माणसाशी व्हिडिओवर बोलायला मिळतं. तेवढं मागून बघा. शाळा खरी निघाली तरी पासपोर्ट 'ऑफिसात ठेवायला' द्यायचा नाही.

माझं इंग्रजी चांगलं आहे, पण मी गोरी नाही आणि उच्चारही आपलेच आहेत. जाहिरातींत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असं असतं. खरं सांगा, घेतात का?

खरं सांगते, पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. अर्ज वाचण्याआधी फोटो बघतात. माझ्या पहिल्या क्लासच्या मालकाने मला घेतलं, पण पालकांना सांगायला सांगितलं की मी लंडनमध्ये वाढले. मी दोन दिवस ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी कौतुकाने विचारलं, लंडनमध्ये कुठे? मला टॉवर ब्रिजशिवाय काही आठवेना. 'ब्रिजजवळ' म्हणाले. त्या रात्री इतकी शरम वाटली की दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं, यापुढे खरं तेच सांगणार. त्याने काढलं नाही, फक्त जाहिरातीतून माझा फोटो काढला. शेजारच्या वर्गात एक आयरिश मुलगा शिकवायचा, पदवी त्यालाही नव्हती. त्याला तासाला १२ डॉलर होते, मला ६. तो भला होता. त्यानेच मला आकडा सांगितला, म्हणून दीड वर्षाने मी ९ पर्यंत भांडू शकले.

आता दुसरी बाजू. त्या आयरिश मुलाला इंग्रजी शिकावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते कुठे अडतं हे त्याला दिसत नसे. ख्मेर या तिथल्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, आणि शब्दाच्या शेवटी 'स' लिहिलेला असला तरी त्याचा उच्चार हलक्या 'ह'सारखा होतो. म्हणजे 'ही गोज' म्हणताना माझ्या विद्यार्थ्यांची दुहेरी अडचण: तो 'झ' का लावायचा ते कळत नाही, आणि कळलं तरी जिभेवर येत नाही. आयरिश मुलगा त्यांना दहादा तेच वाक्य म्हणायला लावायचा. मी व्याकरण आणि उच्चार वेगळे केले. आधी नुसता शेवटचा आवाज, सापासारखा, सगळ्यांनी हसत हसत. नियम दुसऱ्या दिवशी. हे मला सुचलं कारण माझीही जीभ कधीतरी अशीच अडली होती. सेल्टाच्या प्रशिक्षकाने मला 'वाइन' आणि 'व्हाइन' म्हणायला लावलं तेव्हा मी दोन्ही अगदी एकसारखं म्हटलं होतं. आपला एकच 'व' दोघांना पुरतो, असं मी तोवर धरून चालले होते.

उच्चार परका असला तरी चालेल, स्पष्ट मात्र हवा. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर (सिलॅबलवर) जोर असतो, आपण सगळे अवयव सारख्याच वजनाने म्हणतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. रोज दहा मिनिटं रेकॉर्ड केलेलं ऐकून, त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. आणि 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' सोडा. गोऱ्यांना आवडावं म्हणून नाही. तुमचे विद्यार्थी तेच वाक्य परीक्षेत लिहितील म्हणून.

एक गंमत जाता जाता. ख्मेरमध्ये शिक्षिकेला 'नेआक क्रू' म्हणतात. हा 'क्रू' म्हणजे आपला गुरू. आणि शिकणं 'रिएन', शिकवणं 'बोंगरिएन'. आपण 'शिकणे'चं 'शिकवणे' करतो, तसंच तेही एका शब्दातून दुसरा घडवतात. हे कळलं त्या दिवशी मला त्या शहरात पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटलं.

वय ५२. मुलं मार्गी लागली. आता जाणं वेडेपणा ठरेल का?

वेडेपणा कसला? पण नोकरी देण्यासाठी वयाची अट घालणारे देश आहेत, त्यामुळे आधी नियम वाचा. मोठ्यांच्या वर्गात वय कामाला येतं. बँकेतला चाळिशीचा कारकून बावीस वर्षांच्या पोरासमोर चुकायला लाजतो, तुमच्यासमोर लाजणार नाही. आरोग्य विमा काढल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि तीन मजले चढून उकाड्यात सलग तीन तास उभं राहता येतं का, ते घरीच करून बघा.

घरबसल्या ऑनलाइन शिकवलं तर? व्हिसाची कटकटच नाही.

काही वर्षांपूर्वी याला मोठा बाजार होता, मुख्यतः चिनी मुलांमुळे. जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, देशाबाहेर बसून तिथल्या मुलांना शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांवरही बंदी आली, आणि तो बाजार पाहता पाहता आटला. आज मोठ्यांना बोलण्याचा सराव देणारी कामं मिळतात. दर कमी, स्पर्धा साऱ्या जगाशी. पण अनुभव म्हणून उत्तम. मघाशी म्हटलेले सहा महिने इथेच काढा.

तुम्ही नंतर पदवी घेतली का?

घेतली, बेचाळिसाव्या वर्षी, दूरशिक्षणाने. कंबोडियात असतानाच अभ्यास सुरू केला होता. चांगल्या शाळेतल्या नोकरीसाठी दोनदा मुलाखत उत्तम झाली आणि दोनदा शेवटच्या कागदाशी अडलं, तेव्हा हट्ट सोडला. तुम्ही घेणार असाल तर एवढं बघा: काही देश दूरशिक्षणाची पदवी धरत नाहीत. कुठे जायचं ते आधी ठरवा, तिथे काय चालतं ते विचारा, मग फी भरा.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओवरून नाही, प्रत्यक्ष वर्गात वीस मिनिटांचा डेमो आहे. मुलं दहा-बारा वर्षांची. काय शिकवू?

सगळ्यांत घाईचं पत्र तुमचं, आणि मी ते शेवटी ठेवलं. माफ करा.

एकच गोष्ट शिकवा. वीस मिनिटांत 'देअर इज' आणि 'देअर आर' पुरे. एक पिशवी न्या, तीत किल्ली, दोन पेन्सिली, कंगवा, तीन नाणी, जे असेल ते. पहिली पाच मिनिटं एकेक वस्तू काढा आणि वाक्य त्यांच्याकडूनच येऊ द्या. येत नसेल तर तुम्ही म्हणा, मग सगळ्यांनी, मग रांगेने, मग एकट्याने. फळ्यावर दोनच वाक्यं, मोठ्या अक्षरांत, लिहिताना वर्गाकडे पाठ कमीत कमी. मग वस्तू परत पिशवीत, जोड्या पाडा, काय काय होतं ते आठवून एकमेकांना सांगायचं. या वेळी तुम्ही बोलायचं नाही, फिरायचं आणि ऐकायचं. निरीक्षक नेमकं हेच बघतो. शेवटची तीन मिनिटं ऐकलेल्या दोन चुका फळ्यावर, कोणाची ते न सांगता, आणि त्या मुलांनीच दुरुस्त करायच्या.

सूचना देताना वाक्य तोडा. 'नाऊ आय वुड लाइक यू टु' वगैरे नको. 'स्टँड. लुक. टॉक.' हाताने दाखवा. पिशवीत काही फुटणारं नको. आणि मागच्या बाकावर जो मुलगा अजिबात बोलत नाही त्याला एकदा तरी बोलतं करा. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा मालकाचा भाचा निघतो.